यकृताचा कडकपणा मोजताना

यकृतातला फायब्रोसिस सुरुवातीला साध्या एमआरआयच्या चित्रात सहसा दिसत नाही. पेशींच्या अधेमधे कोलॅजनचे धागे साठत असतात, पण यकृताचा आकार आणि कडा पूर्वीसारख्याच राहतात. कडा खडबडीत दिसू लागेपर्यंत बहुधा सिरॉसिस झालेला असतो. कडकपणा मात्र त्याच्या बराच आधी वाढू लागतो, आणि एमआर इलॅस्टोग्राफी तोच मोजते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड एहमन यांच्या गटाने १९९५ साली हे तंत्र मांडले.

तपासणीआधी चार ते सहा तास पोट रिकामे लागते, कारण जेवणानंतर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढून आजारी यकृत जास्तच कडक भासते. रुग्ण उताणा झोपला की उजव्या बरगड्यांवर प्लास्टिकची पोकळ चकती पट्ट्याने आवळून बांधतात. पट्टा सैल राहिला तर कंपनाच्या लहरी आत पोहोचतच नाहीत. चकतीची लांब नळी खोलीबाहेरच्या कंपनयंत्राला जोडलेली असते. त्या यंत्रातला लोहचुंबक एमआरआयजवळ नेणे धोक्याचे. नळीतला हवेचा दाब चकतीला सेकंदाला ६० वेळा थरथरवतो. दुखत नाही, खिशातला मोबाइल थरथरावा तसे जाणवते.

मग लहरींची चित्रे घेताना श्वास सोडून तो रोखायचा, दर वेळी साधारण १५ सेकंद. ‘श्वास रोखा’ म्हटले की माणूस आधी छाती भरून घेतो. तंत्रज्ञाला ही सवय मोडावी लागते. श्वास सोडल्यावर यकृत दर वेळी जवळपास त्याच जागी येते.

मऊ यकृतात लहरी हळू जातात आणि आखूड दिसतात, कडक यकृतात वेगाने जातात आणि लांबतात. त्यावरून संगणक किलोपास्कलमध्ये रंगीत नकाशा काढतो. मोजमाप भरवशाचे नाही तो भाग नकाशावर रेघांनी झाकलेला असतो. उरलेल्यातून मोठ्या रक्तवाहिन्या आणि कडेचा भाग वगळून रेडिऑलॉजिस्ट सरासरी घेतो.

साधारण २.५ च्या आत आकडा असेल तर यकृत निरोगी, ५ च्या वर बहुधा सिरॉसिस. खरी अडचण २.५ ते ३ च्या दरम्यान येते, आणि लवकर निदानाचा प्रश्नही तिथलाच. नुसती सूज असली तरी आकडा तेवढा चढतो, त्यामुळे तो रक्ततपासण्यांसोबतच वाचावा लागतो. यकृतात लोह फार साठले असेल तर सिग्नलच मावळतो आणि वेगळी स्कॅनपद्धत वापरावी लागते. फायब्रोस्कॅन या अल्ट्रासाउंडवर आधारित तपासणीचा आकडाही किलोपास्कलमध्येच येतो, पण त्याचे माप सुमारे तिप्पट असते. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना केली तर रुग्ण उगाच घाबरतो.