पाणी सोबत घेऊन आलेली सृष्टी

जीवसृष्टी पाण्यातून जमिनीवर आली, असे आपण शाळेत शिकलो. पण ती पाणी सोडून आली नाही. पाणी सोबत घेऊन आली. मुदतपूर्व जन्मलेल्या शिशूंवर उपचार करताना मला याचा प्रत्यय नित्य येतो.

वनस्पतींचे जमिनीवरील पदार्पण सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे. कोरड्या हवेत सुकून जाण्याचे संकट टाळण्यासाठी त्यांनी अंगावर मेणचट आवरण चढविले. त्या आवरणाने कर्बवायूचीही वाट अडली. म्हणून गरजेनुसार उघडणारी आणि मिटणारी पर्णरंध्रे आली.

प्राण्यांपुढेही हेच कोडे होते. माशांचा अमोनिया कल्ल्यांवाटे सभोवतालच्या पाण्यात विरून जातो. जमिनीवर ती चैन नाही. सस्तन प्राण्यांनी त्याचा युरिया केला. पक्ष्यांनी आणि सरड्यांनी युरिक आम्ल. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड लिटर बाहेर सोडतात. एवढी काटकसर कोणत्या गृहिणीला साधेल?

गर्भ मात्र अखेरपर्यंत जलचरच असतो. पूर्ण दिवसांचे बाळ जमिनीवरची शिदोरी बांधून येते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात आलेल्या बाळाची शिदोरी अपुरी असते. त्याच्या त्वचेचा बाह्यस्तर इतका पातळ असतो, की अंगातले पाणी आणि ऊब झपाट्याने उडून जाते. म्हणून जन्मताच, अंग न पुसता, आम्ही त्याला मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. पानाने जे मेणाने साधले, ते आपण पिशवीने साधतो.

फुप्फुसांचेही तसेच. वायुकोश मिटू न देणारे सर्फॅक्टंट अशा बाळांत अपुरे असते, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ साली दाखविले. तरीही १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक अवघ्या ३९ तासांत दगावला; तेव्हा उपाय हाती नव्हता. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून तयार केलेले सर्फॅक्टंट दहा बाळांना दिले आणि वाट खुली झाली.

त्याआधीच, १९७२ मध्ये, लिगिन्स व हॉवी यांनी मातेला प्रसूतीपूर्वी दिलेल्या स्टेरॉइडचा लाभ सिद्ध केला होता. तेव्हा प्रसूतितज्ज्ञ मित्रांना एकच विनंती : मुदतपूर्व प्रसूतीची चाहूल लागताच, योग्य त्या मातेला ते इंजेक्शन देण्यास विलंब करू नका. कोट्यवधी वर्षांचा प्रवास त्या बाळाला काही तासांत पुरा करायचा असतो.