काळा खडक आणि मातकट पाणी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर येलदरीचें धरण आहे. तें १९६८ सालीं पुरें झालें. उन्हाळ्यांत जलाशयाचें पाणी उतरलें कीं कांठचे काळे खडक उघडे पडतात. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं तैलरंग हातीं घेतले, ते याच कांठीं बसून. त्या उमेदवारीची हकीकत आज सांगण्याचें कारण असें कीं, तींत मला माझी एक जुनी चूक सांपडली.

पुष्कळ वर्षांपूर्वीं चित्रकलेच्या तासाला एका विद्यार्थ्यानें तळ्याचें पाणी मातकट रंगविलें होतें. 'पाणी निळें असतें,' असें बजावून मीं त्याला दुसरें चित्र काढावयास लावलें. निवृत्तीनंतर ऐन पावसाळ्यांत येलदरीस गेलों, आणि पाहतों तों समोर तेंच मातकट पाणी!

पाण्याला स्वतःचा रंग नाममात्रच असतो. पायाशीं वांकून पाहिलें तर तळ दिसतो, दूरवर तिरपें पाहिलें तर आकाश दिसतें, आणि पुराच्या दिवसांत गाळाचा रंग वर येतो. काळ्या खडकाचें प्रतिबिंब खडकाहून किंचित् उजळ, तर पांढऱ्या ढगाचें प्रतिबिंब ढगाहून किंचित् मंद उमटतें.

खडकाचेंही तसेंच. आपला खडक काळा म्हणून नळींतला काळा रंग फांसला, तर चित्राला भोंक पडल्यासारखें दिसतें. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस मातीचा रंग एकत्र कालविले असतां जो करडा-काळा रंग होतो, तो अधिक जिवंत वाटतो. सावलीसाठीं निळा वाढवावा, सायंकाळच्या उन्हासाठीं तांबूस. मात्र रंग कालविण्यापूर्वीं डोळे किलकिले करून पाहावें. बारीकसारीक तपशील नाहींसा होऊन उजेडाचे, मध्यम आणि अंधाराचे असे तीनच भाग उरतात. प्रथम तेवढेच कॅनव्हासवर मांडावे. खडकाच्या भेगा आणि गवताचीं पातीं शेवटीं.

तैलरंगाचा स्वभावही ओळखला पाहिजे. जलरंगांतलें पाणी उडून जातें; तैलरंगांतलें जवसाचें तेल उडत नाहीं, तें हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. म्हणून चित्र वाळण्यास कित्येक दिवस लागतात. पहिला थर टर्पेंटाइननें पातळ करून द्यावा, आणि वरच्या थरांत तेलाचें प्रमाण वाढवीत जावें. उलट केलें तर वरचा थर आधीं कडक होतो, खालचा मागाहून वाळत राहतो, आणि चित्राला तडे जातात. एक सावधगिरी घरांतील सर्वांनींच बाळगावी : तेलानें भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकूं नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात. पाणी भरलेल्या, झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत त्या ठेवाव्या.

उघड्यावर बसून तैलचित्र काढणें सुलभ झालें, तें १८४१ मध्यें जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानें रंगासाठीं कथलाची नळी तयार केल्यावर. आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) यांनीं रंकाळा तलाव आणि त्याच्या पाण्यांत उभा असलेला दगडी संध्यामठ रंगविला. घराजवळचें तळेंही चित्रकाराला पुरेसें असतें, हें त्यांच्या उदाहरणावरून पटतें.

तो विद्यार्थी आतां चांगला प्रौढ गृहस्थ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडल्यास त्यानें समजावें कीं, त्याचें चित्र बरोबर होतें. मास्तर चुकले होते. आणि श्रोतेहो, आपल्या घरचें मूल पाणी मातकट रंगवील, तेव्हां त्याला दुरुस्त करण्यापूर्वीं एकदां त्याच्याबरोबर तळ्यावर जाऊन यावें, एवढीच विनंती.