नाव कधीतरी कळणारच

द हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात २८ जानेवारी २००९ रोजी पहिल्या साक्षीदाराने शपथ घेतली. न्यायालय कामाला लागून साडेसहा वर्षं झाली होती आणि हा त्याचा पहिलाच खटला. आरोपी थॉमस लुबांगा हा काँगोच्या इतुरी भागातल्या सशस्त्र टोळीचा म्होरक्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना भरती करून लढायला लावल्याचा आरोप त्याच्यावर होता. साक्षीदार अशाच मुलांपैकी एक म्हणून आला होता, एव्हाना वयात आलेला. प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्यांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, आवाजही यंत्राने बदललेला होता. शाळेतून घरी जाताना मला पकडून नेलं, असं त्याने सकाळी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर तोच म्हणाला, सकाळचं सांगणं खरं नव्हतं, ते मला शिकवलेलं होतं.

सज्जातल्या अनोळखी माणसांपासून या मुलाला नीट लपवलेलं होतं. लुबांगा मात्र त्याच दालनात, त्याच्या समोर बसलेला होता. दोन आठवड्यांनी मुलगा परत आला, तेव्हा आरोपी त्याच्या नजरेला पडणार नाही अशी सोय केली होती, आणि त्याने पुन्हा मूळची हकीकत सांगितली. मार्च २०१२ मध्ये लुबांगा दोषी ठरला. पण निकाल देताना न्यायाधीश या साक्षीवर विसंबले नाहीत. अभियोग पक्षाने स्थानिक मध्यस्थांकरवी साक्षीदार गोळा केले आणि त्या मध्यस्थांवर पुरेशी देखरेख ठेवली नाही, असा ठपकाही त्यांनी ठेवला. मुलगा भीतीने उलटला की आधीच पढवलेला होता, हे बाहेरच्याला ठरवता येत नाही. साक्षीसंरक्षणाचं काम करणाऱ्यांना ते रोज ठरवावं लागतं.

हे काम गेल्या तीस वर्षांत उभं राहिलं. न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याची फारशी गरज पडली नव्हती. नाझी राजवट कोसळलेली होती आणि पुरावा मुख्यतः तिच्याच दप्तरांतल्या कागदांचा होता. १९९३ साली सुरक्षा परिषदेने माजी युगोस्लाव्हियासाठी न्यायाधिकरण नेमलं, तेव्हा बोस्नियात लढाई चालू होती. ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची ते आपापल्या गावांत सत्तेवर होते, पोलीस त्यांचे होते. म्हणून न्यायाधिकरणाच्या सनदेत २२वं कलम खास पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या संरक्षणासाठी घातलं गेलं. त्या कलमाची कसोटी पहिल्याच खटल्यात लागली.

हक्क दोघांचाही

दुश्को तादिच हा बोस्नियातल्या प्रियेदोर भागातला सर्ब. ओमार्स्का, केरातेर्म आणि त्रनोपोल्ये इथल्या छावण्यांतल्या अत्याचारांबद्दल त्याच्यावर खटला उभा राहिला. काही साक्षीदारांची नावं खुद्द आरोपीला आणि त्याच्या वकिलांनाही कळू नयेत, अशी मागणी अभियोग पक्षाने केली. १० ऑगस्ट १९९५ रोजी तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा निर्णय दिला. गॅब्रिएल कर्क मॅकडॉनल्ड आणि लालचंद वोहरा यांनी अपवादात्मक परिस्थितीत अशी अनामिकता देता येईल असं ठरवलं. ऑस्ट्रेलियाचे निनियन स्टीफन यांनी विरोधी मत नोंदवलं. साक्षीदार कोण हेच ठाऊक नसेल, तर उलटतपासणी करायची कशी, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

त्याचं उत्तर सव्वा वर्षाच्या आतच मिळालं. 'एल' या सांकेतिक अक्षराने ओळखला जाणारा एक साक्षीदार तादिचवर भयंकर आरोप करून गेला. लोकांसाठी त्याचं नाव गुप्त होतं. बचाव पक्षाने मात्र त्याच्या पार्श्वभूमीचा माग काढला आणि त्याने मेल्याचं सांगितलेले त्याचे वडील जिवंत सापडले. ऑक्टोबर १९९६ मध्ये अभियोग पक्षाला ती साक्ष मागे घ्यावी लागली. बचाव पक्षाकडे त्याची ओळख नसती, तर ही खोटी साक्ष पचली असती. आरोपीपासूनही नाव लपवण्याची मुभा पुढच्या खटल्यांत जवळपास बाद झाली.

तेव्हापासून या क्षेत्रातली माणसं एक गोष्ट गृहीत धरून चालतात: आरोपीला साक्षीदाराचं नाव कधीतरी कळणारच. ते किती उशिरा कळावं, एवढंच हातात असतं. चौकशीच्या काळात कागदपत्रांतल्या नावांवर काळी पट्टी ओढलेली असते. साक्षीची तारीख जवळ आली की पट्टी निघते आणि बचाव पक्षाला ओळख द्यावी लागते. संरक्षण अधिकाऱ्याच्या हाती असतो तो या दोन तारखांमधला काळ. साक्षीदाराचं कुटुंब कुठे राहतं, गावात कोणाचं राज्य आहे, आरोपीची माणसं कुठवर पोचतात, हे सगळं त्याला तेवढ्यात पाहून ठेवावं लागतं.

गैरहजेरीचा हिशेब

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पायाभूत करार १७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये मंजूर झाला. त्याच्या ४३व्या कलमाने निबंधक कार्यालयात पीडित आणि साक्षीदार कक्ष नेमला, आणि मानसिक आघात, विशेषतः लैंगिक अत्याचारांतून आलेले आघात, समजणारी माणसं तिथे असावीत असंही घातलं. हा कक्ष अभियोग पक्षाच्या हाताखाली नाही, हे महत्त्वाचं. बचाव पक्षाच्या साक्षीदारांचीही काळजी तो घेतो. नोव्हेंबर २००८ मध्ये अपील कक्षाने स्पष्ट केलं की अभियोग पक्षाने परस्पर साक्षीदारांना हलवायचं नाही, तो निर्णय या कक्षाच्या वाटेनेच व्हायला हवा. एका बाजूचे साक्षीदार त्याच बाजूच्या खर्चाने नव्या घरात राहू लागले, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्या घराबद्दलच येईल.

न्यायदालनातल्या उपायांची यादी छोटी आहे. नावाऐवजी क्रमांक, चेहरा आणि आवाज बदलून प्रक्षेपण, मध्ये पडदा, बंद दाराआड सुनावणी, दूरच्या शहरातून व्हिडिओद्वारे साक्ष. साक्षीआधी साक्षीदाराला रिकामं दालन दाखवतात, कोण कुठे बसतं ते सांगतात. काय बोलायचं याची तालीम मात्र हा कक्ष घेत नाही.

दालनाबाहेरचं काम याहून मोठं आणि कंटाळवाणं. सूड घेणाऱ्याला न्यायालयातलं प्रक्षेपण पाहावं लागत नाही, त्याला गावातली गैरहजेरी पुरते. एखादी बाई दहा दिवस घरी नव्हती, परत आली तेव्हा तिच्या पायात नवे बूट होते, तिच्या दारात परदेशी माणसांची गाडी थांबली होती, एवढ्यावर गाव अंदाज बांधतं. म्हणून तपास अधिकारी साक्षीदाराला त्याच्या गावात भेटत नाहीत. प्रवासासाठी शेजाऱ्यांना पटेल असं निमित्त ठरवावं लागतं, आजारी नातेवाईक किंवा मालाची खरेदी, आणि ते घरातल्या सगळ्यांना सारखंच सांगता यावं लागतं. खर्चाचे पैसेही बेतून द्यावे लागतात. कमी दिले तर माणूस अडतो, जास्त दिले तर उद्या कोणी म्हणेल की साक्ष विकत घेतली. रात्री-अपरात्री फोन केला तर कोणीतरी येऊन साक्षीदाराला सुरक्षित जागी हलवील, अशी तातडीची यंत्रणाही न्यायालय चालवतं. पण न्यायालयाकडे स्वतःचा एकही पोलीस नाही. येणारा माणूस शेवटी साक्षीदाराच्याच देशाचा असतो.

हे सगळं अपुरं पडलं तर स्थलांतर. हा शेवटचा उपाय समजला जातो आणि त्याची कारणं नीट ठाऊक असलेले अधिकारीच तो टाळू पाहतात. साक्षीदारामागे बायको, मुलं, कधी म्हातारे आईवडील जातात. शेती सुटते, गुरं सुटतात, मुलांची शाळा आणि भाषा बदलते, मागे राहिलेल्या भावंडांना फोन करायचीही मोकळीक उरत नाही. शक्यतो त्याच प्रदेशातला, ओळखीच्या भाषेचा आणि जेवणाखाणाचा देश शोधतात. तोही तयार व्हावा लागतो, कारण न्यायालय एखाद्या राष्ट्राला आमची माणसं ठेवून घ्या अशी आज्ञा करू शकत नाही. त्यासाठी एकेका देशाशी वेगळा करार करावा लागतो.

केनियात काय झालं

या यंत्रणेची सर्वांत कठीण परीक्षा केनियात झाली. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर तिथे अकराशेहून अधिक माणसं मारली गेली आणि लाखो विस्थापित झाली. एल्डोरेटजवळच्या कियाम्बा इथे आसऱ्याला आलेल्या लोकांसह चर्च जाळलं गेलं. न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या चौकशी आयोगाने मुख्य संशयितांची नावं बंद लिफाफ्यात घालून कोफी अन्नान यांच्याकडे सोपवली. देशात खास न्यायालय उभं राहिलं नाही, तेव्हा जुलै २००९ मध्ये अन्नान यांनी तो लिफाफा द हेगला पाठवला. डिसेंबर २०१०मध्ये सहा नावं जाहीर झाली. त्यांपैकी उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो हे दोघे २०१३च्या निवडणुकीत अनुक्रमे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष झाले.

म्हणजे ज्या राज्ययंत्रणेने साक्षीदारांचं रक्षण करायचं, तिच्या शिखरावर आरोपीच बसले. न्यायालयाला मदत मागायची तर त्यांच्याच सरकारकडे. रुटो यांचा खटला सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाला आणि पहिली साक्षीदार उभी राहिली. तिचं नाव गुप्त ठेवण्याचा आदेश होता. एक-दोन दिवसांतच तिची ओळख म्हणून एक नाव समाजमाध्यमांवर फिरू लागलं आणि न्यायाधीशांना भर दालनातून ताकीद द्यावी लागली. पुढे एकेक साक्षीदार माघार घेत गेला. काहींना न्यायालयाने समन्स काढून नैरोबीतून व्हिडिओद्वारे बोलायला लावलं, तेव्हा त्यांनी आधीचे जबाब नाकारले. ते जुने जबाबच पुरावा म्हणून धरावेत असा प्रयत्न अभियोग पक्षाने केला, तो फेब्रुवारी २०१६ मध्ये अपील कक्षाने फेटाळला.

त्याआधीच मार्च २०१३ मध्ये त्या सहांपैकी फ्रान्सिस मुथाउरा यांच्यावरचे आरोप मागे घेताना मुख्य अभियोक्त्या फातू बेन्सूदा यांनी सांगितलं होतं की महत्त्वाचा पुरावा देऊ शकणारी काही माणसं मरण पावली आहेत आणि काही बोलायला घाबरतात. डिसेंबर २०१४ मध्ये केन्याटा यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. ५ एप्रिल २०१६ रोजी रुटो यांचा खटला पुराव्याअभावी थांबला. साक्षीदारांवर दबाव आला आणि असह्य राजकीय ढवळाढवळ झाली, असं न्यायाधीश चिले एबो-ओसुजी यांनी त्या वेळी नमूद केलं. कोणीही दोषी ठरलं नाही. साक्षीदारांना लाच दिल्याच्या आरोपावरून ज्यांच्यावर वॉरंट निघालं, त्यांतला एकजण २०२० साली स्वाधीन झाला आणि निकाल लागण्याआधीच वारला.

केनियात पडदे आणि क्रमांक सगळे होते. दोन तारखांमधला काळ विकत घेतलेलाही होता. पण त्या काळात आरोपींची ताकद वाढत गेली, आणि संरक्षणाची कोणतीही योजना निवडणुकीचा निकाल बदलू शकत नाही.

पैशाची वाट

साक्ष मोडायला बंदूक लागतेच असं नाही. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष जाँ-पिएर बेंबा यांच्या खटल्यात त्यांच्याच वकिलांसह पाचजण ऑक्टोबर २०१६ मध्ये दोषी ठरले. बचाव पक्षाच्या चौदा साक्षीदारांना पैसे आणि आश्वासनं देऊन पढवल्याचा तो गुन्हा होता. फोनवरची संभाषणं आणि पैशांच्या पावत्या यांतून तो उघड झाला. रवांडाच्या ऑगस्टिन न्गिराबात्वारे याच्या बाबतीत तर खटला आणि अपील संपल्यावर साक्षीदारांना गाठलं गेलं. तुमची साक्ष खोटी होती असं सांगा, म्हणजे शिक्षा रद्द होईल, असं त्यांना पटवण्यासाठी पैसे पुरवणारी साखळी उभी केली होती. २०२१ साली तिच्यातली माणसं आणि तो स्वतः यांना शिक्षा झाली. या दोन्ही प्रकरणांत साक्षीदारांची नावं फुटलेली नव्हती, ती खटल्याच्या ओघात रीतसर कळलेली होती.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. २००२ सालच्या वडोदऱ्यातल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात साक्षीदार मोठ्या संख्येने फितूर झाले आणि जून २००३ मध्ये सगळे २१ आरोपी सुटले. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला आणि तो गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायला सांगितलं. २००६ साली मुंबईत नऊजण दोषी ठरले, त्यांपैकी पाचजणांना पुढे मुंबई उच्च न्यायालयाने सोडलं. साक्षीदाराऐवजी इथे खटल्याचंच स्थलांतर झालं. साक्षीसंरक्षणाची देशव्यापी योजना यायला मात्र ५ डिसेंबर २०१८ उजाडलं, तीही महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती, पोलिसांचा धोक्याबाबतचा अहवाल आणि एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं संरक्षण, अशी तिची रचना आहे. ज्या देशात खटला दहा-पंधरा वर्षं रेंगाळतो, तिथे तीन महिन्यांचा हा हिशेब वाचताना केनिया आठवतो.

सीझरचं नाव

सीरियाच्या बाबतीत अंतर हेच संरक्षण ठरेल असं काहींना वाटलं होतं. जर्मनीतल्या कोब्लेन्झ इथे एप्रिल २०२० ते जानेवारी २०२२ या काळात अन्वर रस्लान या माजी सीरियन गुप्तहेर अधिकाऱ्यावर खटला चालला आणि त्याला जन्मठेप झाली. साक्षीदार युरोपात होते, आरोपी कोठडीत होता. तरीही काहीजण चेहरा झाकून आले, एका साक्षीदाराची ओळख फक्त 'झेड ३०/०७/१९' या क्रमांकाने दिली गेली. सामूहिक दफनासाठी प्रेतं नेणाऱ्या माणसांच्या टोळीत तो होता. धोका कोब्लेन्झमध्ये उभ्या माणसाला नव्हताच, तो दमास्कसमध्ये राहिलेल्या त्याच्या नातलगांना होता. त्यांना कोणताही संरक्षण कार्यक्रम हलवू शकत नव्हता.

याच खटल्यात 'सीझर' या टोपणनावाच्या लष्करी छायाचित्रकाराने बाहेर आणलेली छायाचित्रंही पुरावा म्हणून होती. छळून मारलेल्या कैद्यांच्या छायाचित्रांसह पन्नास हजारांवर छायाचित्रं घेऊन तो २०१३ साली देशातून निसटला आणि पुढे अकरा वर्षं बिननावाचा राहिला. अमेरिकी संसदेच्या समितीसमोर तो टोपीने चेहरा झाकून बसला होता. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळली आणि दोनच महिन्यांनी दूरचित्रवाणीवर त्याने स्वतः आपलं नाव सांगितलं: फरीद अल-मझहान. कोणत्याही न्यायालयाने त्याला ती मुभा दिलेली नव्हती. ज्यांच्यापासून लपायचं ते सत्तेवर उरले नाहीत, एवढंच घडलं होतं.

बहुतेक साक्षीदारांच्या वाट्याला असा दिवस येत नाही. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आरोप ठेवले, ४,६००हून अधिक साक्षीदार ऐकले आणि ३१ डिसेंबर २०१७ रोजी दारं लावली. तादिचला वीस वर्षांची शिक्षा झाली होती, तो २००८ साली मुदतीआधी सुटला. त्याच्या खटल्यात दिलेल्या संरक्षणाच्या आदेशांना मात्र मुदत नाही. न्यायाधीश ते मागे घेईपर्यंत ते लागू राहतात, आणि माजी युगोस्लाव्हिया व रवांडा यांसाठीच्या न्यायाधिकरणांच्या मिळून तीन हजारांहून अधिक संरक्षित साक्षीदारांची जबाबदारी त्यांचं उरलेलं काम पाहणाऱ्या अवशिष्ट यंत्रणेकडे आली. तिचं अंदाजपत्रक दरवर्षी आखडतं. खटला संपला की देणगीदार राष्ट्रांचा रस संपतो, वार्ताहर निघून जातात. एखाद्या न्यायालयाने आपले साक्षीदार राखले की नाही, हे निकालाच्या दिवशी सांगता येणार नाही. शिक्षा भोगून आरोपी गावी परतेल त्या दिवशी ते कळेल, आणि त्या दिवशी उचलला जाणारा फोन चालू ठेवण्यासाठी आजच पैसे बाजूला काढावे लागतील.