छोटी लाइन गेली, गाडी मात्र वळसा घालून परतली

रायपूरला रेल्वे स्टेशनकडून तेलीबांध्याच्या दिशेनं एक्सप्रेस-वेवर गाडी घाला. भरवस्तीतून जाणारा हा रस्ता कुठं फारसा अडखळत नाही की गल्लीबोळांत शिरत नाही. एवढ्या दाट शहरात इतकी लांबलचक मोकळी पट्टी मिळाली तरी कुठून? कुठल्याही जुन्या रायपूरकराला विचारा, दोन शब्दांत उत्तर मिळेल: छोटी लाइन!

आज जिथं मोटारी धावतात, तिथं शंभराहून अधिक वर्षं अडीच फुटी रुळांवरून धमतरीची गाडी डुलत डुलत जायची. तेलीबांधा हे तिचं शहरातलं स्टेशन. तलावाकाठचा हा भाग तेव्हा गावाबाहेरचाच. आता त्याच तलावाच्या काठाला लोक ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात आणि संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते. (मुंबईकरांनी हसू नये, हौसेला मोल नाही!)

रायपूरला रेल्वे तशी उशिराच आली. १८७७ साली नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, वडिलांच्या कामानिमित्त कुटुंबासह इथं राहायला आले, तेव्हा आगगाडी नागपूरपर्यंतच होती. पुढचा जंगलातला प्रवास बैलगाडीनं, तोही पंधरवड्याचा. नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे मीटरगेज रूळ राजनांदगावपर्यंत आले. १८८७ मध्ये बेंगॉल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनं तो मार्ग घेतला, रुंद केला आणि रायपूर, बिलासपूरवरून थेट बंगालपर्यंत नेला.

पण खरी संपत्ती होती दक्षिणेला. धमतरीचा भात, पलीकडच्या जंगलातलं सागवान आणि साल. हा माल मुख्य लाइनपर्यंत आणण्यासाठी १९०० साली रायपूर-धमतरी ही नॅरोगेज सुरू झाली. अभनपूरहून एक फाटा राजिमला गेला. राजिम म्हणजे महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम. माघी पौर्णिमेच्या जत्रेला लोटणाऱ्या गर्दीला ही गाडी म्हणजे घरचीच बैलगाडी वाटावी! रूळ अरुंद का? सरळ हिशेब होता. रूळ हलके, पूल छोटे, वळणं आखूड, म्हणजे खर्च कमी. तोटा एकच, रायपूरला आलं की छोट्या वाघिणीतली पोती उतरवून मोठ्या वाघिणीत भरायची. हमालांच्या पाठीवरच ही दोन मापं जुळायची.

मराठी वाचकांना या सालाची आणखी एक ओळख आहे. त्याच १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी वामनराव लाखे यांच्या साथीनं ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. दोघंही मराठी घरांतले. सप्रे शाळा आणि लाखेनगर ही नावं रायपुरात आजही रोजच्या बोलण्यात आहेत.

मालासाठी घातलेली ही लाइन माणसांची कधी झाली, ते कुणी ठरवलं नव्हतं. रस्त्यांवर ट्रक आले, माल तिकडं गेला. गाडीत उरली ती माणसं. अभनपूर, कुरूदकडची मजूर मंडळी, भाजीवाल्या, कॉलेजची पोरं, कोर्टकचेरीला निघालेले शेतकरी. धमतरी-रायपूर प्रवासाला तीनएक तास लागायचे. बस त्याहून पुष्कळ लवकर पोचायची, पण तिचं तिकीट परवडायला हवं ना! मुंबईत ज्याला लोकल म्हणतात, तिचंच काम ही डुगडुगती गाडी करत होती. तिला लोकल असं कुणी म्हटलं नाही, एवढंच.

मग १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं आणि रायपूर राजधानी. शहर फुगलं, वाहनं वाढली. फाटक पडलं की पंडरी, शंकरनगरकडे मोटारींच्या रांगा लागायच्या. फाटकाबाहेर खोळंबलेल्यांचा आवाज मोठा होता, गाडीत बसलेल्यांचा लहान. शेवटी शेवटी तर धमतरीची गाडी तेलीबांध्याहूनच सुटायची, मोठ्या स्टेशनापर्यंत जायचीच नाही. २०१७ मध्ये केंद्रीपर्यंतचा शहराकडचा भाग कायमचा बंद झाला, रूळ उखडले गेले आणि त्या पट्टीवर एक्सप्रेस-वे उभा राहिला. नव्याकोऱ्या रस्त्यावरच्या उड्डाणपुलाचा भाग २०१९ मध्ये खचला, तेव्हा जुन्या प्रवाशांना काय वाटलं असेल?

रस्ता नको होता असं कुणी म्हणणार नाही. गाडीही जुनाट होती, हे खरं. पण गाडी जाण्याआधी तिच्या प्रवाशांची सोय व्हायला हवी होती. विदर्भातही हेच दिसलं. इतवारी-नागभीडची छोटी गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली, तेव्हा वाटेवरच्या गावांना रस्त्याचाच आधार उरला. रुंदीकरण हवंच, पण ते होईपर्यंतची वर्षं कुणाच्या खिशातून जातात, याचा हिशेब कुठल्याच प्रकल्पात मांडलेला नसतो.

रायपूरकडे ही प्रतीक्षा सुमारे आठ वर्षांची झाली. ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर-रायपूर मेमू सुरू झाली, ब्रॉडगेजवर, विजेवर धावणारी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती राजिमपर्यंत गेली. धमतरीच्या रुंदीकरणाचं काम तेव्हा चालूच होतं.

आता ही गाडी मंदिर हसौदवरून वळते, नवा रायपूरमधून केंद्रीला जाते आणि तिथं जुन्या वाटेला लागते. राजधानीच्या नव्या कचेऱ्यांत कामाला जाणाऱ्यांची तिनं चांगली सोय केली आहे. तेलीबांधा मात्र तिच्या वाटेवर नाही. तिथल्या बाजारात भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या बाईला मोठ्या स्टेशनावर उतरून रिक्षाच करावी लागते. ती रिक्षा धावते जुन्या लाइनच्या जागेवरून!