ओन्गोयेचा एकटा नर

परसात पपई लावणाऱ्याला एकच धास्ती असते: झाड नर निघालं तर? लांब देठांवर फुलांचे झुपके लोंबतात, फळ काही धरत नाही. मग आपण दुसरं रोप आणतो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडासाठी मात्र असं दुसरं रोप अख्ख्या जगात कुठेही सापडलेलं नाही.

१८९५ साली डर्बनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वूड यांना झुलूलँडमधल्या ओन्गोये जंगलाच्या कडेला, उभ्या उतारावर, चार खोडांचं एक बेट दिसलं. 'एन्सेफलार्टोस वुडाय' हे त्याचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. बंगल्यांच्या अंगणातल्या सायकसचा हा दूरचा भाऊबंद. पानं कमानीसारखी झुकलेली, शंकू झेंडूसारखा पिवळा-केशरी. या गटात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. वूड यांना सापडला तो नर.

मादीचा शोध तेव्हापासून चालू आहे. दरम्यान बेटाची खोडं आणि फुटवे एकेक करून हलवले गेले. १८९९ मध्ये एक लंडनच्या क्यू उद्यानात पोचलं, काही डर्बनला. उरलेलं शेवटचं खोड १९१६ साली प्रिटोरियाला नेलं. ते १९६४ मध्ये मेलं. हेतू वाचवण्याचाच होता, आणि तसं केलं नसतं तर आज काहीच उरलं नसतं, असं मला वाटतं. पण जंगल रिकामं झालं ते झालंच. आज जगभरच्या उद्यानांतली सगळी झाडं केळीच्या मुनव्यांसारखी त्या एकाच झाडाची पिल्लं आहेत. क्यूमधल्या झाडाला शंकू आला तो २००४ मध्ये, शंभरहून अधिक वर्षांनी. पराग तयार, पण तो घ्यायला कुणी नाही.

मादी घडवायची तर जवळच्या नात्यातल्या 'नाटालेन्सिस' जातीच्या मादीशी संकर करून, त्या संततीचा पुन्हा याच नराशी संकर, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग आहे. पण या झाडांना वयात यायलाच कितीतरी वर्षं लागतात, आणि आईकडचा अंश घटत गेला तरी पुरता जात नाही.

धोका एकट्या वुडायलाच नाही: क्यूच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर पाच वनस्पतींपैकी दोन नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. कारणं मुख्यतः जंगलतोड आणि शेतीचा विस्तार. सायकसच्या आफ्रिकी भाऊबंदांवर चोरांचाही डोळा आहे: २०१४ मध्ये केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानातून दुर्मीळ झाडं खणून नेली गेली. झाड जितकं विरळ, तितकी त्याची किंमत चढते, म्हणून मला हा धोका सर्वांत भयानक वाटतो. नुसतं कुंपण घालून तो टळत नाही, कारण इथे चोरी कुंपणाच्या आतूनच झाली होती.

साउदॅम्प्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी अलीकडे वुडायच्या मादीच्या शोधात ओन्गोयेवरून ड्रोन उडवले आणि हजारो छायाचित्रं संगणकाकडून तपासून घेतली. मादी दिसली नाही. मात्र जंगलाचा जेमतेम दोन टक्के भागच त्यात आला आहे. बाकीचा उतार अजून पाहायचा आहे.