ओढणे सोपे, आवरणे कठीण
मिक्सर, जनरेटर व ट्रॉली मागे जोडून नेणाऱ्यांसाठी काही उपयुक्त माहिती

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात बांधकामाचा व्यवसाय झपाट्याने वाढला आहे. त्याच्या आधारावर स्लॅबचा मिक्सर भाड्याने देणारे, जनरेटरवाले, मंडपवाले, कॉम्प्रेसर चालवणारे आणि फॅब्रिकेशनची दुकाने थाटणारे अशा अनेकांची रोजीरोटी उभी राहिली आहे. आपल्या समाजातील कारागीर या सर्व कामांत मोठ्या संख्येने आहेत. या धंद्यांत एक गोष्ट समान आहे. यंत्राला चाके असतात, पण ते स्वतः चालत नाही. पिकअप, टेम्पो किंवा ट्रॅक्टरच्या मागे पिन घालून त्याला ओढून न्यावे लागते.

हे ओढण्याचे काम आपण फार सहज समजतो. रात्री काम आटोपले की मिक्सर जोडायचा आणि काटई-बदलापूर रस्त्याने पुढच्या साइटवर न्यायचा. मागे दिवा नाही, साखळी नाही, ब्रेक तर नाहीच. गाडीचे इंजिन दमदार आहे, ओढते आहे, मग काळजी कसली, असे चालकाला वाटते. परंतु खरा प्रश्न ओढण्याचा नाही, आवरण्याचा आहे. इंजिन फक्त पुढे नेते. मागचे वजन थांबवणे, सरळ ठेवणे आणि इतरांना दिसेल असे करणे ही कामे इंजिनाची नव्हेत.

परदेशी पिकअपमध्ये काय असते?

अमेरिकेत शेतकरी, ठेकेदार व कारागीर मोठमोठे पिकअप ट्रक वापरतात. २०१९ सालच्या रॅम ३५०० या पिकअपची ओढण्याची कमाल क्षमता कंपनीने ३५,१०० पौंड, म्हणजे सुमारे १५,९०० किलो जाहीर केली होती. त्यातले डिझेल इंजिन कमिन्सचे होते. याच कमिन्सचा कारखाना १९६२ पासून आपल्या पुण्यात आहे. मात्र एवढे वजन ओढता येते ते केवळ इंजिनाच्या जोरावर नव्हे. त्या गाड्यांत मागचा ट्रेलर आवरण्याची वेगळी साधने बसवलेली असतात.

पहिले साधन ट्रेलरच्या ब्रेकचे. ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. चालकाने पाय दाबला की पुढची गाडी व मागचा ट्रेलर एकाच वेळी थांबू लागतात. फोर्ड कंपनीने २००५ च्या सुपर ड्युटी पिकअपमध्ये या ब्रेकचा नियंत्रक कारखान्यातूनच बसवून देण्यास सुरुवात केली. दुसरे साधन डोलणे आवरण्याचे. ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागला की सेन्सर ते ओळखतात व संगणक वेगवेगळ्या चाकांना हलका ब्रेक लावून गाडी सरळ करतो. तिसरे साधन उताराचे. गाडी आपोआप खालच्या गिअरमध्ये राहते व इंजिनच वेग धरून ठेवते. चौथे साधन मागे घेण्याचे. फोर्डच्या २०१६ च्या एफ-१५० मध्ये एक छोटी खुंटी दिली गेली. ट्रेलर ज्या दिशेला वळवायचा त्या दिशेला ती फिरवली की स्टिअरिंग गाडी स्वतः सांभाळते.

असल्या गाड्या आपल्या पट्ट्यात कोणी घेणार नाही आणि त्यांची गरजही नाही. परंतु त्यांमागची चारही तत्त्वे आपल्या वेल्डरच्या व ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या हातातली आहेत. ती एकेक करून पाहू.

वजन कोठे पडते ते पाहा

आपली गाडी किती ओढू शकते हे अंदाजाने ठरवू नये. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ओढण्याचे वजन लिहिलेले आहे का ते प्रथम पाहावे. आपल्याकडील पुष्कळ पिकअप पाठीवर माल वाहण्यासाठी बनवलेले असतात, मागे ओढण्यासाठी नव्हे. पुस्तिकेत उल्लेख नसेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात विचारावे. नकार मिळाला तर बंपरला हुक वेल्ड करून घेण्याचा मोह टाळावा. ओढण्याचा ताण चॅसिसने घ्यायचा असतो, बंपरने नव्हे.

नंतर दांड्यावरचे वजन. ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर पडले पाहिजे, असा अमेरिकेतील जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे भरलेली ट्रॉली एक हजार किलोची असेल तर हुकावर शंभर ते दीडशे किलो. हे मोजणे सोपे आहे. सपाट जमिनीवर ट्रॉली उभी करावी, चाकांना ओंडके लावावेत आणि भंगारवाल्याकडचा प्लॅटफॉर्म काटा दांड्याच्या टोकाखाली ठेवावा. हुक गाडीला जोडल्यावर ज्या उंचीवर असतो त्याच उंचीवर तो काट्यावर टेकवावा. वजन कमी भरले तर जड सामान अॅक्सलच्या पुढे सरकवावे. मागे जास्त वजन असलेली ट्रॉली वेग वाढताच डोलू लागते.

येथे एक हिशेब विसरू नये. हुकावर पडलेले वजन पिकअपच्या पाठीवरच पडलेले असते. गाडीची वाहण्याची क्षमता बाराशे किलो असेल व हुकावर दीडशे किलो असतील, तर हौद्यात साडेदहाशे किलोच भरता येतील, आणि त्यात माणसेही आली.

ब्रेक नसलेले वजन

युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे. आपल्याकडील हॉपरचा दहा-सात मिक्सर एक टनाच्या वर जातो व त्याला ब्रेक नसतो. त्याचे सगळे वजन पुढच्या गाडीच्या ब्रेकवर येते.

वेग दुप्पट झाला की आवरायची शक्ती चौपट होते. ताशी वीस किलोमीटर वेगाने जो मिक्सर सहज थांबतो, तोच ताशी चाळीस वेगाने चौपट जोराने मागून ढकलतो. ताशी चाळीस वेगाने गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते, म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच रिक्षाच्या चार लांबी मागे पडलेल्या असतात. पावसाळ्यात उड्डाणपुलाच्या उतारावर अचानक ब्रेक लागला, तर मागचे वजन गाडीचे ढुंगण बाजूला फेकते व गाडी आडवी होते.

यावर विजेशिवाय चालणारा एक जुना उपाय आहे. त्याला ओव्हररन ब्रेक म्हणतात. दांड्याच्या पुढच्या टोकाला आत-बाहेर सरकणारा भाग असतो. पुढची गाडी मंदावली की ट्रॉली तिच्यावर रेटते, तो भाग आत सरकतो आणि त्याच दाबाने ट्रॉलीच्या ड्रम ब्रेकची दांडी किंवा केबल ओढली जाते. म्हणजे ट्रॉलीचा रेटाच ट्रॉलीला थांबवतो. जनरेटरची नवी ट्रॉली घेणाऱ्यांनी हा ब्रेक असलेलीच मागावी. ब्रेक नसेल तोपर्यंत वेग कमी ठेवणे आणि पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर राखणे हाच मार्ग उरतो. माळशेज घाटासारख्या उतारावर पाय ब्रेकवर दाबून ठेवू नये. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, नाहीतर लायनर तापून ब्रेक निकामी होतात.

ट्रॉली डोलू लागली तर घाबरून जोरात ब्रेक मारू नये व स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा. वेग उतरला की डोलणे थांबते. मग गाडी बाजूला घेऊन वजन, हवा व पिन तपासावी.

पिन, साखळी आणि दिवा

पिनच्या जागी सळईचा तुकडा किंवा बोल्ट घातलेला अनेकदा दिसतो. पिन योग्य जाडीची असावी व तिच्या खालच्या भोकात कुलूप-क्लिप असावी. त्याशिवाय दोन साखळ्या हव्यात. त्या दांड्याखालून फुलीसारख्या एकमेकींवरून नेऊन गाडीच्या चॅसिसला अडकवाव्यात. पिन निसटली तर दांडा या फुलीवर पडतो, रस्त्यात रुतत नाही. साखळ्या वळणापुरत्या ढिल्या असाव्यात, पण जमिनीला घासू नयेत. हे काम कोणताही वेल्डर काही तासांत करून देईल.

दिव्यांची कथाही तशीच. मागे ट्रॉली जोडली की पिकअपचे दिवे झाकले जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात राखाडी लोखंड दिसत नाही. सात पिनांचे सॉकेट बसवून ट्रॉलीवर मागचा लाल दिवा, ब्रेकचा दिवा व दोन्ही इंडिकेटर चालू करून घ्यावेत. मागे लाल व बाजूंना पिवळे रेडियम लावावे. निघण्यापूर्वी एकाने गाडीत बसून व दुसऱ्याने मागे उभे राहून सगळे दिवे पाहावेत. चाकांच्या बेअरिंगना ग्रीस आहे का, हबचे नट घट्ट आहेत का हेही तेव्हाच पाहावे.

मागे घेताना उजवा हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवावा. हात ज्या बाजूला सरकवाल त्याच बाजूला ट्रॉलीचे शेपूट जाते. फोर्डच्या खुंटीमागे हीच युक्ती आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारासारख्या अरुंद गल्लीत मात्र खाली माणूस उभा केल्याशिवाय मागे घेऊ नये.

कागदपत्रांचा प्रश्न

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हेही एक वाहन आहे. कलम ६१ अन्वये नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू आहेत, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर दिसला पाहिजे. १९८९ च्या रस्ता नियमांत नोंदणीकृत ट्रेलर, साइडकार व बंद पडलेले किंवा अर्धवट जुळणी झालेले वाहन यांव्यतिरिक्त काहीही ओढण्यास मनाई होती. २०१७ साली त्या जागी नवी नियमावली आली, परंतु नोंदणीचे बंधन मूळ कायद्यातच असल्याने ते कायम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे.

परवान्याबाबत थोडा दिलासा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो. परंतु हा निर्णय चालकाच्या परवान्यापुरता आहे. ट्रॉलीची नोंदणी व विमा हे मालकालाच पाहावे लागतात. पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख स्पष्ट करून घ्यावा. नोंदणी नसलेल्या ट्रॉलीने कोणाचा जीव घेतला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाच्या खिशातून जाते. त्यात दुकान, यंत्र व घर सगळे जाऊ शकते.

ज्या मिक्सरची नोंदणी नाही तो ओढूच नये. क्रेनने किंवा रॅम्पवरून ट्रकच्या हौद्यात चढवून, साखळदंडांनी बांधून न्यावा. भाडे थोडे जास्त लागेल, ते गिऱ्हाइकाला आधी सांगून दरात धरावे. ज्या बांधवांना ट्रॉली बनवून विकायच्या आहेत त्यांनी नमुन्याची मंजुरी कशी मिळते याची चौकशी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेत करावी, आणि नोंदणीची माहिती कल्याणच्या आरटीओत घ्यावी. ब्रेक, साखळी व दिव्यांसह मंजूर ट्रॉली बनवणाऱ्या कारागिराला या वाढत्या पट्ट्यात काम कमी पडणार नाही.

आमचे सांगणे एवढेच की, जोडण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. वजन, पिन, साखळी, दिवे आणि कागद या पाच गोष्टी पाहिल्याशिवाय गाडी हलवू नका. आपला माल पोहोचलाच पाहिजे, पण मागून दुचाकीवर येणारा माणूसही त्याच्या घरी पोहोचला पाहिजे.