रेव्हरंड ना. वा. टिळक : उपजीविकेतील अपयश आणि श्रद्धेचा शोध

प्रस्तावना

आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे स्थान फुलामुलांचे कवी म्हणून निश्चित झालेले आहे. पाठ्यपुस्तकांतून त्यांची ओळख तेवढ्यावरच थांबते. त्यांच्या धर्मांतराचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो आणि धर्मांतरापूर्वीच्या पंधरा वर्षांचा, म्हणजे एका अस्थिर, सतत मोडत राहिलेल्या व्यावसायिक आयुष्याचा, विचार क्वचितच होतो. या अस्थिरतेचा आणि त्यांच्या पुढील श्रद्धाजीवनाचा परस्परसंबंध काय होता, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या संबंधाची दोन स्पष्टीकरणे रूढ आहेत. भाविक स्पष्टीकरण असे की ईश्वराने एकेक दार बंद करीत त्यांना ख्रिस्ताकडे आणले. विरोधकांचे स्पष्टीकरण त्याहून सोपे : नोकरी नव्हती, म्हणून माणूस बाटला. वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींत एक गृहीतक समान आहे. अपयश म्हणजे केवळ मागून बसलेला धक्का, त्यात स्वतःचे असे काही नाही, हे ते गृहीतक होय. टिळकांचे चरित्र बारकाईने पाहिले असता ते टिकत नाही.

नाशिक आणि अपुरे शिक्षण

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी झाला. आईच्या अकाली मृत्यूनंतर वडिलांच्या घरात त्यांचे मन रमले नाही आणि कोवळ्या वयात ते नाशिकला आले. येथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे त्यांना संस्कृतचे अध्ययन करता आले. काही काळ ते इंग्रजी शाळेतही गेले; मात्र घरची जबाबदारी अंगावर पडल्याने ते शिक्षण पुरे झाले नाही. १८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढे 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक.

अव्वल इंग्रजी अमदानीत सरकारी नोकरीची वाट मॅट्रिकच्या आणि विद्यापीठाच्या परीक्षांतून जात होती. संस्कृतचे उत्तम ज्ञान, शीघ्रकवित्व आणि वक्तृत्व या गोष्टींना समाजात मान होता, पण निश्चित वेतन नव्हते. टिळक या दोन व्यवस्थांच्या मध्ये सापडले. जुन्या विद्येचा राजाश्रय आटत चालला होता आणि नव्या विद्येचा दाखला त्यांच्याजवळ नव्हता. त्यांच्या भटकंतीचे खापर केवळ त्यांच्या लहरी स्वभावावर फोडण्याची प्रथा आहे. स्वभाव लहरी होता, हे लक्ष्मीबाईंनीच पुरेशा खट्याळपणे सांगून ठेवले आहे. परंतु त्यामागील हे रचनात्मक कारण दुर्लक्षिता येत नाही.

शिक्षकी, कीर्तन-प्रवचन, छापखान्यातील काम अशी एकामागून एक कामे त्यांनी धरली आणि सोडली. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. 'ऋषि' नावाचे नियतकालिकही त्यांनी चालविले. तेथेही ते स्थिरावले नाहीत. बिऱ्हाड मोडणे आणि पुन्हा मांडणे हा या कुटुंबाचा नित्यक्रम झाला होता.

याच काळात त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट घोळत होती. जातिभेदाने पोखरलेल्या देशाला एका नव्या धर्माची गरज आहे आणि तो आपणच स्थापन करावा, असे त्यांना वाटू लागले होते. पोटापाण्याच्या विवंचनेत असलेल्या गृहस्थाने धर्मसंस्थापनेची स्वप्ने पाहावीत हे आज थोडे विनोदी वाटेल. तथापि यावरून एक मुद्दा स्पष्ट होतो : त्यांचा शोध नोकरीचा होता तसाच प्रयोजनाचाही होता, आणि दुसरा शोध पहिल्याचे उपउत्पादन नव्हता.

रेल्वेच्या डब्यातील भेट

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले. तेथील संस्थानात काही काम मिळेल, या आशेचा तो प्रवास होता. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यापासून सुरू झालेले संभाषण धर्माकडे वळले. त्या गृहस्थांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती मनःपूर्वक वाचली तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले, पण वाचण्याचे वचन त्यांनी दिले.

चरित्रकार या प्रसंगाला चमत्काराचे रूप देतात. लेखकास मात्र त्यानंतरचा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. टिळकांनी पुस्तक आपल्या नेहमीच्या पद्धतीने, हाती पेन्सिल घेऊन, ध्यानात ठेवण्याजोग्या जागांवर खुणा करीत वाचावयास घेतले. ही ग्रंथसंपादनाची कामे केलेल्या पंडिताची सवय होती. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते तेथेच खिळून राहिले. जे प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे छळत होते, त्यांची उत्तरे त्यांना तेथे दिसली. ज्या कामांत त्यांचे बस्तान बसले नाही, त्याच कामांनी त्यांना वाचक म्हणून घडविले होते.

राजनांदगावी त्यांचा जम बसला नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता भारतीय पाळकाच्या हातून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. केवळ पोटासाठी आलेला मनुष्य आपल्या संभाव्य धन्यापुढे अशी अट घालणार नाही.

धर्मांतराची किंमत

पोटासाठी बाटल्याचा आक्षेप हिशेबाच्या कसोटीवरही लावून पाहता येतो. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना अध्यापनाचे काम मिळाले, हे खरे. पण त्या बदल्यात ज्ञाती गेली, आप्त गेले, कीर्तन-पुराणांतून मिळणारा मान गेला. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्मांतरिताचे वारसाहक्क कागदोपत्री सुरक्षित केले होते. पंगतीतील पान मात्र कोणताही अधिनियम परत मिळवून देत नव्हता.

सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि ती त्यांच्या संमतीवाचून. कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या स्त्रीला पती जिवंत असूनही अंतरला. त्या नातलगांच्या आश्रयाने, पुढे काही काळ पंढरपुरी राहिल्या. येथे एक कायदेशीर बाब नोंदविणे आवश्यक आहे. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदनविषयक कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदार सहवास नाकारीत असल्यास ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस न्यायालयामार्फत विवाहबंधनातून मुक्त होता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी पत्रे लिहिली, कविता पाठविल्या, वाट पाहिली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या. तरीही त्यांनी आपले सोवळे व आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. जातिभेद हा ईश्वरनिर्मित नव्हे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची श्रद्धा ही टिळकांच्या श्रद्धेची सावली नव्हे. किंबहुना 'स्मृतिचित्रे' वाचताना असे वाटत राहते की घरातील खरी कसोटी त्यांचीच लागली होती. टिळकांना निदान निवड करण्याचे समाधान होते.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल. झाल्यानंतर काही वर्षे तासिका तत्त्वावर अध्यापन केले आहे. दर जूनमध्ये नेमणुकीची वाट पाहणे, दिवाळीनंतर मानधनाची चौकशी करणे, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना अपरिचित नसावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने तर एम.फिल. ही पदवीच बंद केली. अशा वेळी, जे होते ते चांगल्यासाठीच, असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांतील बहुतेक कायम पदावर असतात. टिळकांच्या चरित्राचा तसा उपयोग करणे हा त्या चरित्रावर आणि त्याहून अधिक लक्ष्मीबाईंवर अन्याय ठरेल. अपयशाला अर्थ देण्याचा अधिकार ते भोगणाऱ्याचा आहे. शेजारच्याने तो परस्पर देऊ नये.

मोडलेल्या कामांचा उपयोग

धर्मांतरानंतरच्या टिळकांनी जे केले, त्यात नवे फारसे नव्हते. साहित्य जुनेच होते, प्रयोजन मात्र सापडले होते. कीर्तनकार टिळकांनी ख्रिस्ती कीर्तने केली. या क्षेत्रात त्यांच्यापूर्वी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी काम केलेले होते. शिक्षक टिळक अहमदनगरला धर्मशिक्षण देऊ लागले व १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 'ऋषि'चे संपादक १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक झाले. इंग्रजी चालींच्या भाषांतरित गीतांवर पोसलेल्या मराठी ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंग आणि ओवी दिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती. सुस्थिर सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या गृहस्थाला ही सर्व हत्यारे एकाच भात्यात मिळाली नसती, असे म्हणावेसे वाटते.

त्यांचे घरही याच काळात अनेकांचे आश्रयस्थान झाले. बालकवी ठोमरे यांना अहमदनगरला टिळक दांपत्याचे छत्र लाभले. दुष्काळात उघडी पडलेली मुले या घरात वाढली. ज्यांना स्वतःला वर्षानुवर्षे घर नव्हते, त्यांच्या घरी पाहुण्यांची मोजदाद राहिली नाही. लक्ष्मीबाईंची त्याबद्दलची तक्रार 'स्मृतिचित्रे'तील सर्वांत सुंदर पानांपैकी आहे.

१९१७

धर्मांतराने टिळकांना स्थैर्य दिले, असे म्हणून येथे थांबता आले असते. पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या चाकरीचा राजीनामा दिला. ख्रिस्ताला परदेशी संस्थेच्या अंगरख्यातून बाहेर काढल्याशिवाय तो या देशाला आपला वाटणार नाही, ही त्यांची धारणा दृढ झाली होती. त्यांनी ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली, साताऱ्याला मुक्काम हलविला आणि 'देवाचा दरबार' या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते.

पूर्वीच्या नोकऱ्या परिस्थितीने वा स्वभावाने गेल्या. ही त्यांनी विचारपूर्वक सोडली. वय पंचावन्न, प्रकृती ढासळलेली, पुढील उत्पन्नाची शाश्वती नाही. पहिल्या अस्थिरतेत प्रयोजनाचा शोध होता, या दुसऱ्या अस्थिरतेत प्रयोजन हाती होते. एवढ्या फरकाने संसाराची ओढाताण मात्र कमी झाली नाही, आणि 'देवाचा दरबार' ही संस्था म्हणून फार काळ तगली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे टिळकांचे निधन झाले.

त्यांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्या वेळी अकराव्या अध्यायाच्या आसपास थांबले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याला ६४ अध्यायांची जोड दिली. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी नाशिकमध्येच घालविली. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होत गेले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, ज्या जलालपुरात त्या वाढल्या तेथून काही मैलांवर, त्यांचा अंत झाला. 'ख्रिस्तायन' त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, छापून आले.